कुरणशाळा

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी, ती जिथे गुरे चारायला नेतात त्याच माळावर भरवलेली शाळा. जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी हा प्रयोग केला. कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. मुलाला शिकण्याची गोडी कशी लागते, याची चर्चा पुष्कळ होते. ती का लागत नाही याचा शोध मुलाच्या घरापर्यंत जाऊन घेणारे थोडे. ताराबाई-अनुताईंचे मोठेपण त्या शोधात आहे.

ताराबाईंनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह गुजरातमधल्या भावनगरला काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, त्यामुळे ती शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतच अडकून पडतात, ही टोचणी त्यांना होती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले; अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीला बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली पोरे येईनात. तेव्हा या दोघीच साहित्य घेऊन वाड्यात गेल्या आणि तिथल्या अंगणात बालवाडी भरू लागली. ‘अंगणवाडी’ ती हीच. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द गावोगाव पोहोचला.

१९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. इथे मुले मुख्यतः वारली आदिवासींची. आदिवासी पोरांना शिक्षणाची आवडच नाही, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. आजही वेगवेगळ्या वस्त्यांबद्दल ते कानांवर येते. दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिले, तेव्हा दिसले ते वेगळेच. शाळेची घंटा होण्याची आणि गुरे सोडण्याची वेळ एकच. गुरे राखणारा मुलगा म्हणजे घरातला कमावता हात. त्याला शाळेत बसवणे आईबापांना परवडणारे नव्हते. ज्यांच्याकडे गुरे नव्हती त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. अडचण आवडीची नव्हतीच, वेळेची आणि पोटाची होती.

उपायही तिथूनच निघाला. गुरे माळावर, तर शाळा माळावर. शिक्षक कुरणात जात. गुरांवर नजर ठेवत मुले ऐकत, गात, मोजत, लिहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या ही साधने. बियांचे पाच-पाचाचे ढीग करताना मुलाला गणित वेगळे शिकवावे लागत नाही. ढीग मोडला की वजाबाकी, दोन ढीग एकत्र केले की बेरीज, आणि बोट चुकले तर बी हातातच असते, पुन्हा ठेवता येते. चूक झाली म्हणून अंगावर कोणी येत नाही. गोडी लागते ती इथे, या निर्भयपणात. बक्षीस, छडी आणि पहिला नंबर या तिन्हींना ताराबाईंच्या बालशिक्षणात जागा नव्हती.

भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी ‘विकासवाडी’ची कल्पना पुढे आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळणाघरात निजले की ताई शेजारच्या वर्गात बसायला मोकळी. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हेही शिक्षिकांनी आपलेच काम मानले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

मुले असतील तिथे शाळा नेण्याच्या या विचाराच्या जवळ जाणारी शाळा आज ठाणे शहरात आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर तीन हात नाका लागतो. तिथे उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि किरकोळ वस्तू विकणारी, दुष्काळाने गाव सोडून आलेल्या कुटुंबांतली ही मुले. वर्ग कंटेनरमध्ये, आंघोळीची आणि जेवणाची सोय तिथेच. इथून मुले दहावी उत्तीर्ण झाली आहेत. त्याच वर्षी ८ मार्चला मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन दुपारी येतात, कारण घरची कामे तेव्हा आटोपलेली असतात. पोथी आपली आपण वाचता यावी, ही त्यांची ओढ.

बोर्डीच्या प्रयोगातला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. कोसबाडची शाळेला लागून पाळणाघर ही जोड मात्र सरकारी शाळांत रुजली नाही, आणि प्रस्तुत लेखकाला ही फार मोठी उणीव वाटते. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. तरीही ठाण्यातल्या कळव्यात पारसिक डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत, आई सकाळी धुण्याभांड्याच्या कामांना निघून गेली की, धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी राहिलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसते. पटावर तिचे नाव असते. वर्गात तिला ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळतो.