पितळी फ्लोट आणि भंडाऱ्याचा मिस्त्री

भंडाऱ्याच्या पितळकामाची ओळख आजवर भांड्यांवरूनच करून दिली जाते. १९०८च्या इम्पिरिअल गॅझेटिअरमध्येही या धंद्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर मात्र आणखी एक पितळी वस्तू या जिल्ह्यातल्या तालुक्या-तालुक्यांत पोचली, ती म्हणजे मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधला फ्लोट. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली, १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली, त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली आणि या गाड्यांमागोमाग मिस्त्रीही आला. त्याचा धंदा कंपनीच्या आवाराबाहेर, बाजाराच्या रस्त्यावर रुजला. सुटे भाग मिळत नव्हते आणि लोकांकडे पैसा नव्हता म्हणून असे झाले, असे सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. त्या गाड्यांचा बिघाडच डोळ्यांना दिसणारा, नाकाला कळणारा आणि हाताने तपासता येणारा होता, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचे कारण आहे. ‘गाडी ओव्हर होते’, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत राहते, ही रोजची तक्रार त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला, तेव्हापासून त्यातले मूळ तत्त्व बदललेले नाही. घराच्या पाण्याच्या टाकीतला गोळा पाणी भरले की नळ बंद करतो. तसाच फ्लोट पेट्रोलवर तरंगत वर येतो आणि निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, तिच्या बैठकीत दाबून धरतो. ही बैठक नीट मिटली नाही की पेट्रोल येतच राहते. गाडीखाली थेंब पडतात, प्लग काळा आणि ओला होतो, किक मारून पाय दुखला तरी इंजिन धरत नाही. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत टाकीचा कॉक रात्रभर उघडा राहिला, तर पेट्रोल सिलिंडरमधून उतरून ऑइल पातळ करते. टू-स्ट्रोक जावा-राजदूतमध्ये ते थेट क्रँककेसमध्ये साचते. चांगला मिस्त्री इथे घाई करत नाही. आधी कॉक बंद करून गळती थांबते का ते पाहायचे, कारण कधी कॉकच झिजलेला असतो. मग गाडी साइड स्टँडवर कललेली असताना गळते की सरळ उभी असतानाही, हे तपासायचे. त्यानंतर कार्बोरेटरची वाटी उघडून कचरा पाहायचा, निडलच्या टोकावर झिजेचे कडे उमटले आहे का ते नखाने चाचपायचे, आणि शेवटी फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खळखळले, तर दोष तिथेच आहे.

कचरा कुठून येतो, याला या जिल्ह्यात स्थानिक उत्तर आहे. पाऊस वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर, भोवती तलाव आणि धानाच्या बांध्या. अशा दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते आणि गंजाचा कण निडलखाली अडकतो. निडल घासून वेळ मारून नेता येते, पण फ्लोटची दुरुस्ती हे खरे कसब. जुने फ्लोट पातळ पितळी पत्र्याच्या दोन वाट्या झाळून बनवलेले असत. असा फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात आणि जागा सापडते. आतले पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय झाळायला गेले, तर भडका उडायचा. झाळ जास्त लागली, तर फ्लोट जड होतो, पेट्रोलची पातळी वर चढते आणि दुरुस्त केलेली गाडी पुन्हा ओव्हर होते. म्हणून एक थेंब कथिल, आणि वरचे कानशीने घासून काढलेले.

इथे कोणी म्हणेल की कासारांच्या आळीचा आणि गॅरेजचा संबंध ओढूनताणून जोडलेला आहे. कासारांची मुले मिस्त्री झाली असा माझा दावा नाही. बिघडणारी वस्तू ज्या धातूची, त्याच धातूचे काम ज्या बाजारात चालते, तिथे तिच्या दुरुस्तीची कोणाला धास्ती वाटत नाही, एवढेच मी म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अशा दुरुस्त्या पुष्कळदा तात्पुरत्या असत, बैठकीखाली जादा वॉशर घालून पातळी कशीबशी जमवलेली असे, आणि त्यात पेट्रोल वाया जाऊन धूरही वाढत असे. हे मान्य करावेच लागेल. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले आणि हवेच्या दृष्टीने ते बरेच झाले. पण इंजेक्शनचा दोष संगणकाच्या कोडमध्ये कळतो आणि तो वाचणारे यंत्र ज्याच्याकडे, निदान त्याचेच. इंधन वाचले, तरी निदानाचा अधिकार जिल्ह्यातल्या साकोली-लाखनीसारख्या गावांच्या रस्त्यावरून उठला, आणि ही किंमत हिशेबात धरली जात नाही, याची मला खंत आहे.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या जिल्ह्यात अजून धावतात आणि त्यांच्यापुढे नवे दुखणे उभे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. सरकारी गोदामांतल्या जादा तांदळापासून इथेनॉल बनवायला २०२० मध्ये परवानगी मिळाली. धानाच्या जिल्ह्यात ही बातमी चांगलीच होती. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला गंज सुटा करते. त्यामुळे आज अशी गाडी ओव्हर झाली, तर फ्लोट उघडण्याआधी टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. खाली पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ बसला, तर आधी टाकी धुवावी आणि नळी बदलावी, निडल त्यानंतर.