साधे की पॉवर? यवतमाळच्या पंपावरचे महागडे पेट्रोल

‘साधे की पॉवर?’ हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपांवर ऐकू येऊ लागला तो २००२ नंतर. त्या वर्षी १ एप्रिलपासून केंद्र सरकारने इंधनाचे दर ठरवण्याची जुनी नियंत्रित पद्धत मोडीत काढली, निदान कागदावर. तोवर तिन्ही सरकारी तेल कंपन्या एकच माल एकाच भावाने विकत होत्या. आता गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचे तर काहीतरी वेगळे दाखवणे भाग होते. भारत पेट्रोलियमने ‘स्पीड’ आणले, हिंदुस्थान पेट्रोलियमने ‘पॉवर’ आणि इंडियन ऑइलने ‘एक्स्ट्राप्रीमियम’. बोलण्यात मात्र ‘पॉवर’ हाच शब्द रुळला. पंप कोणत्याही कंपनीचा असो, लिटरमागे चार पैसे जास्त देऊन घ्यायचे ते पॉवर.

जास्त दामाच्या पेट्रोलची कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगी पडल्यावर पेटते. पेट्रोल हलके असेल तर त्यातला काही भाग ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच आपणहून पेट घेतो, इंजिन खटखटू लागते आणि चढावर गाडी दम टाकते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये त्यावर तोडगा सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळणे. हे ‘एथिल’ पेट्रोल १९२३ पासून नेहमीच्या पेट्रोलपेक्षा जास्त भावाने विकले जाऊ लागले. खटखट रोखण्याची ही ताकद मोजायला १९२६ च्या सुमारास ऑक्टेनचे माप ठरले. ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा नसते, ते फक्त जास्त दाब सोसते. ज्या इंजिनात तेवढा दाबच पडत नाही, त्याला वरचे ऑक्टेन देऊन काही मिळत नाही.

यवतमाळची वाहने नेमकी अशाच कमी दाबाच्या इंजिनांची होती. मोटारी येण्याआधी जिल्ह्याचा कापूस बैलगाड्यांवरून धामणगावच्या रेल्वे स्टेशनला जायचा. पुढे मूर्तिजापूरची छोटी लाइन आली आणि तिच्यावर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत राहिले. खनिज तेलाची ओळख खेड्यांना झाली ती डब्यातल्या रॉकेलने, कंदिलासाठी. पेट्रोल विकणाऱ्या बर्मा-शेल, एस्सो आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्या होत्या. त्यांतल्या एस्सोच्या मूळ कंपनीची आणि बर्मा-शेलची तेलशुद्धीकरण केंद्रे १९५४-५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) सुरू झाली. १९७४ ते १९७८ या काळात तिन्ही सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. पंपांवरच्या पाट्या बदलल्या. त्यांच्यासमोर येणाऱ्या गाड्या म्हणजे राजदूत, १९७२ मध्ये बाजारात आलेल्या लुना आणि चेतक, आणि जीप. यातल्या दुचाक्यांची इंजिने दोन स्ट्रोकची, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात देशात ८७ आणि ९३ असे दोन ऑक्टेन होते, पण ९३ ची गरज अशा गाड्यांना नव्हती.

शिशाचे विष कळल्यावर त्याला हटवायची सुरुवात महानगरांतून झाली. १ एप्रिल १९९५ ला शिसेविरहित पेट्रोल दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत मिळू लागले. देशभर ते १ फेब्रुवारी २००० पासून बंधनकारक झाले. म्हणजे मुंबईतली नवी मोटार स्वच्छ पेट्रोलवर धावत असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रसच्या दुचाक्या शिशाचा धूर सोडत होत्या. हा पंक्तिभेद पुढेही सुटला नाही. २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज-४) या सरकारी प्रदूषण मानकाच्या दर्जाचे इंधन १३ शहरांना मिळाले, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, विदर्भातले एकही नव्हते. यवतमाळला तो दर्जा मिळाला तो १ एप्रिल २०१७ ला, उरलेल्या देशाबरोबर. १ एप्रिल २०२० चा बीएस-६ दर्जा मात्र दिल्ली परिसर वगळता उरलेल्या सगळ्या देशाला एकदमच लागू झाला आणि पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली. चांगले पेट्रोल जास्त पैसे देऊन घ्यावे लागते ही समजूत जिल्ह्यांत घट्ट बसली, त्यामागे हाही अनुभव असावा. पण शहर आणि जिल्हा यांच्यातला तो फरक सरकारी मानकाचा होता. पंपावर आठ-दहा रुपये जास्त मोजून तो भरून निघणारा नव्हता.

समजुतीचे दुसरे आणि जास्त खरे कारण भेसळ. रेशनचे रॉकेल सरकार अनुदान देऊन स्वस्तात पुरवत असे, आणि पेट्रोल-डिझेलपेक्षा ते इतके स्वस्त होते की मिसळणाऱ्याला लिटरमागे घसघशीत नफा सुटायचा. रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालत. हा धंदा किती निर्ढावला होता ते २५ जानेवारी २०११ ला दिसले. त्या दिवशी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले नाशिक जिल्ह्याचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. मनमाडचा पानेवाडी परिसर म्हणजे राज्यातल्या मोठ्या इंधन डेपोंचे ठिकाण. विदर्भातले टँकर अकोल्याजवळच्या गायगाव आणि नागपूर परिसरातल्या डेपोंतून निघतात, पण डेपो ते पंप या वाटेवरची शंका सगळीकडे सारखीच होती. रॉकेलने ऑक्टेन घसरते, इंजिन खटखटते, प्लग काळा पडतो. अशा वेळी ‘निदान पॉवर तरी शुद्ध असेल’ या आशेवर गिऱ्हाईक वरचे पैसे देत असे. त्याला हवा असायचा तो विश्वास, आणि तो ब्रँडच्या नावाने विकला जात होता.

शुद्धता पाहायला मात्र पॉवर घ्यावे लागत नाही. पंपावर फिल्टर पेपर मागायचा, नोझलचे तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. दोन मिनिटांत थेंब उडून जातो. पेट्रोल शुद्ध असेल तर डाग राहत नाही, राहिला तर भेसळीचा संशय. घनतेची तपासणीही ग्राहकाला मागता येते. टँकरच्या कागदावर नोंदलेली घनता आणि टाकीतली घनता यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक पडला की प्रकरण गंभीर. मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरचे प्रमाणित भांडे पंपावर असतेच. यातल्या एकाही तपासणीला पैसे पडत नाहीत. भेसळीचा कणा मोडला तो वेगळ्याच कारणाने. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेला, २०२० पर्यंत अनुदान संपले आणि रॉकेल मिसळण्यातला नफाच आटला.

मग महागड्या पेट्रोलमध्ये जास्तीचे काय असते? वरच्या ऑक्टेनचे प्रकार सोडले तर मूळ पेट्रोल तेच असते. तिन्ही कंपन्या एकमेकींच्या डेपोतून माल उचलतात. वेगळेपण येते ते त्यात मिसळलेल्या डिटर्जंटसारख्या रसायनांमुळे, जी इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरचा साका धुतात. ब्रिटनमध्ये टेस्को, आस्दासारखी सुपरमार्केटे पेट्रोल स्वस्त विकतात आणि तिथेही हाच वाद चालतो. त्यांचे पेट्रोलही बड्या कंपन्यांसारखेच ठरलेले मानक पाळणारे असते. आपल्याकडे तसा प्रसंग २०२३ च्या मे-जूनमध्ये आला. तेव्हा खासगी नायरा कंपनीने महाराष्ट्रासह दहा राज्यांत सरकारी पंपांपेक्षा लिटरला एक रुपया कमी घेतला. स्वस्त म्हणून ते पेट्रोल हलके नव्हते. उलट पॉवरच्या जास्तीच्या भावातला काही भाग निव्वळ कराचा असतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात मूळ अबकारी कर साध्या पेट्रोलवर लिटरला १ रुपया ४० पैसे ठरला, ब्रँडेडवर २ रुपये ६० पैसे. म्हणजे १ रुपया २० पैसे सरकारजमा, इंजिनात काही नाही.

हिशेब साधा आहे. साधे पेट्रोल १०५ रुपये आणि पॉवर ११३ धरले, तर फरक साडेसात टक्क्यांच्या वर जातो. ६० चे ॲव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलने पैसे वसूल करायला ६४ च्या पुढे जायला हवे. डिटर्जंटने एवढी वाढ होत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीत दाबाचे गुणोत्तर १० च्या आसपास असते आणि तिला साधे पेट्रोल पुरते. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० मध्ये ते १३ च्या जवळ जाते, तिथे वरच्या ऑक्टेनला अर्थ आहे. टर्बो मोटारींचेही तसेच. त्यांच्या मालकांनी कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा पाहावा.

इथेनॉलने तर ऑक्टेनचा मुद्दाही पातळ केला. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९५ ठरले आहे, म्हणजे एकेकाळी प्रीमियमच्या पाटीवर झळकणारा आकडा आता साध्या नोझलमधून येतो. त्याची किंमत ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाक्यांसाठी ही घट ३ ते ४ टक्के, तर जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के धरली आहे. नेहमीचे प्रीमियम घेऊन ही घट टळत नाही, कारण इथेनॉल त्यातही असते. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आले, पण लिटरला १६० रुपयांच्या घरातला तो माल शेतावर जाणाऱ्या गाडीसाठी नाही. यवतमाळच्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधे पेट्रोल पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांत ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर बदलले, तर ॲव्हरेजला त्याचा जास्त उपयोग होतो.