कोळसा न जाळता वापरता येतो का? डांबरापासून ग्राफीनपर्यंतचा प्रवास समजून घेऊया

कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची डांबरगोळी आठवते? तिच्या नावातच तिचं मूळ आहे. ती नॅफ्थलिनची असते आणि नॅफ्थलिन मिळत आलंय कोलटारमधून, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून. थोडक्यात, कोळशापासून जाळण्याखेरीज दुसरं काहीतरी बनवणं ही कल्पना नवी नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनने कोलटारमधून मिळालेल्या रसायनापासून जांभळा रंग बनवला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला.

आता "कोळशापासून बॅटरी", "कोळशापासून ग्राफीन" अशा बातम्या येतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, रसायनशास्त्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापुरतं. पण ज्या लॅपटॉपवर हे टाइप करतोय त्याच्या बॅटरीत ग्रॅफाइट आहे, त्यामुळे ते येतं कुठून हे मुळापासून वाचून काढलं. या लेखात तीन गोष्टी पाहू: हे काम कसं चालतं, आज खरंच कुठे वापरलं जातं, आणि त्याने कोळसा जाळणं कमी होईल का.

कोळसा म्हणजे शुद्ध कार्बन नव्हे

कोळशात कार्बनसोबत हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक, नायट्रोजन, ओलावा आणि राख होणारी माती-खनिजं असतात. लिग्नाइटमध्ये कार्बन कमी, बिट्युमिनस कोळशात जास्त आणि अँथ्रासाइटमध्ये सगळ्यात जास्त.

पण नुसतं प्रमाण बघून भागत नाही. कार्बनचे अणू कसे रचलेत यावर सगळं ठरतं. षटकोनी जाळीचा एकच थर असेल तर ते ग्राफीन. असे थर एकावर एक नीट बसले की ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलं "शिसं". तेच थर एका दिशेने ताणून धाग्यात बसवले की कार्बन फायबर. कोळशात या जाळीचे छोटे छोटे तुकडे असतात, पण सगळे अस्ताव्यस्त. त्यांना ओळीत आणायचं, हेच या तंत्रज्ञानाचं खरं काम.

सगळा कोळसा ग्रॅफाइट का होत नाही?

याचं उत्तर देणारी शास्त्रज्ञ तुम्हाला वेगळ्या कारणासाठी माहीत असेल: रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या कामाआधी तिने १९४२ पासून ब्रिटनमधल्या कोळसा संशोधन संस्थेत काम केलं आणि नंतर पॅरिसमध्ये वेगवेगळे कार्बन तापवून क्ष-किरणांनी त्यांची रचना तपासली. १९५१ मध्ये तिने कार्बनचे दोन गट मांडले. एक गट प्रचंड तापवला की ग्रॅफाइट होतो. दुसरा ३००० अंशांपर्यंत नेला तरी होत नाही, कारण त्यातले तुकडे एकमेकांना आडवेतिडवे घट्ट जोडलेले असतात आणि हलूच शकत नाहीत.

पहिल्या गटातले पदार्थ तापताना मध्येच मऊ होतात. त्या पातळ अवस्थेत चपट्या रेणूंना सरकायला, एकमेकांवर रचून बसायला वेळ मिळतो. पत्त्यांचा विस्कटलेला कॅट टेबलावर ठोकून सरळ करतो ना, तसं. पत्ते गोंदाने चिकटलेले असतील तर कितीही ठोका, उपयोग नाही.

कारखान्यातला नेहमीचा रस्ता

१. पोलाद कारखान्यासाठी कोकिंग कोळसा हवा लागू न देता साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला तापवतात. हवा नाही म्हणून तो जळत नाही. १ टन कोळशातून अंदाजे ७०० ते ७५० किलो कोक मिळतो, शिवाय गॅस आणि ३० ते ४५ किलो कोलटार.

२. कोलटारचं ऊर्ध्वपातन करतात. नॅफ्थलिन आणि तेलं निघून जातात. जवळपास निम्मा भाग उरतो तो पिच, काळा आणि थंड झाल्यावर काचेसारखा कडक.

३. पिच साधारण ३५० ते ५०० अंशांदरम्यान तापवला की त्यातले चपटे रेणू रांगेत येऊन द्रव स्फटिकासारखी अवस्था तयार होते. तिला मेसोफेज म्हणतात.

४. इथून फाटे फुटतात. मेसोफेज पिचचे धागे ओढले की कार्बन फायबर. भट्टीत घट्ट केला की नीडल कोक. तो पुढे २८०० ते ३००० अंशांवर नेला की कृत्रिम ग्रॅफाइट.

आज हे कुठे वापरलं जातं?

*ॲल्युमिनियम:* ॲल्युमिनियम बनवताना जे कार्बनचे ॲनोड लागतात, त्यांना बांधून ठेवायला कोलटार पिच वापरतात. हा जुना आणि मोठा ग्राहक.

*इलेक्ट्रोड:* भंगार वितळवून पोलाद बनवणाऱ्या विजेच्या भट्टीत ग्रॅफाइटचे जाडजूड इलेक्ट्रोड लागतात. असे इलेक्ट्रोड नाशिकजवळ सातपूरला बनतात. त्यासाठीचा नीडल कोक पेट्रोलियममधून किंवा कोलटारमधून येतो.

*बॅटरी:* लिथियम-आयन बॅटरीचा ॲनोड मुख्यतः ग्रॅफाइटचा. १ किलोवॅट-तास क्षमतेला ढोबळमानाने १ किलो धरा. म्हणजे ४० किलोवॅट-तासाच्या गाडीत ४० किलोच्या आसपास. या मालावर चीनची पकड आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. म्हणूनच भारतात पश्चिम बंगालमधली हिमाद्री आणि कर्नाटकात पोलाद कारखान्याच्या शेजारी उभी राहिलेली एप्सिलॉन या कोलटारवाल्या कंपन्या ॲनोडच्या मालाकडे वळल्यात.

*कार्बन फायबर:* जगातलं बहुतेक कार्बन फायबर पॉलिॲक्रिलोनायट्राइल या प्लास्टिकच्या धाग्यापासून बनतं. पिचपासूनचं फायबर महाग आणि ठिसूळ, पण कडकपणात आणि उष्णता वाहून नेण्यात जबरदस्त. जपानची मित्सुबिशी कोलटार पिचपासून जे फायबर बनवते, त्याच्या काही प्रकारांचा कडकपणा ९०० गिगापास्कलपर्यंत जातो. पोलादाचा २०० च्या आसपास. म्हणून ते उपग्रहांच्या सांगाड्यात वापरतात.

प्रयोगशाळेतला नवा रस्ता: फ्लॅश ग्राफीन

२०२० मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने एक पद्धत प्रसिद्ध केली. कोळशाची पूड किंवा दुसरा कुठलाही कार्बन दोन इलेक्ट्रोडमध्ये दाबायचा आणि कपॅसिटरमधली वीज एका झटक्यात सोडायची. सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात तापमान ३००० केल्विनच्या आसपास जातं. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि कार्बन ग्राफीन होऊन बसतो. या झटक्याला त्यांनी ग्रॅमला ७.२ किलोज्यूल ऊर्जा मोजली. आपल्या भाषेत किलोला २ युनिट. हे ग्राफीन सिमेंटमध्ये अगदी थोडं मिसळलं तरी त्याची ताकद वाढते. अडचण मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची आणि एकसारख्या दर्जाची.

मग कोळसा जाळणं थांबेल का?

इथे भावना बाजूला ठेवून आकडेमोड करू.

जगात कार्बन फायबरची मागणी वर्षाला १ लाख टनांच्या आसपास आहे. आता चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र घ्या. क्षमता २,९२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने दिवसभर चाललं तर ७ कोटी युनिट. युनिटला ०.७ किलो कोळसा धरला तर दिवसाला ४९ हजार टन. म्हणजे अख्ख्या जगाच्या वर्षभराच्या कार्बन फायबरचं वजन एका चंद्रपूरच्या जेमतेम दोन दिवसांच्या कोळशाएवढं!

सिमेंटचं बघा. जगात वर्षाला साधारण ४०० कोटी टन सिमेंट बनतं. सगळ्यात ०.१ टक्का ग्राफीन मिसळायचं ठरवलं तरी ४० लाख टन पुरे. जगाचा कोळसा वर्षाला ८०० कोटी टनांहून जास्त आहे. ४० लाख टन हा त्याचा फक्त ०.०५ टक्का.

दुसरा मुद्दा कोळशाच्या जातीचा. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर भागातला कोळसा वीज केंद्रांसाठीचा, कोकिंग नव्हे. तापवल्यावर तो मऊ होऊन वाहत नाही आणि राखही भरपूर. बॅटरीच्या ग्रॅफाइटला ९९.९५ टक्के शुद्धता लागते. फ्रँकलिनच्या भाषेत हा दुसऱ्या गटाकडे झुकणारा माल. अशा मालापासून हार्ड कार्बन बनू शकतो आणि तो सोडियम-आयन बॅटरीला चालतो. पण त्याआधी राख काढायचा खर्च आहेच.

तिसरा मुद्दा सहसा सुटतो: "न जाळता" म्हटलं तरी काही कार्बन शेवटी जळतोच. ॲल्युमिनियमचा ॲनोड झिजतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. इलेक्ट्रोडचंही तेच. १ किलो कार्बनचा ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, मग तो चुलीत जळो की भट्टीत. बॅटरीत किंवा सिमेंटमध्ये बसलेला कार्बन मात्र टिकतो. आणि ३००० अंशांची भट्टी कोळशाच्या विजेवर चालवली, तर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने जळालं.

बातमी वाचताना काय विचारायचं?

- कुठला कोळसा? कोकिंग, अँथ्रासाइट की वीज केंद्राचा?
- टनामागे माल किती किलो निघतो आणि उरलेल्याचं काय करतात?
- भट्टीची वीज कुठून येते?
- वापरून झाल्यावर तो कार्बन राहतो की हवेत जातो?
- जगाला हा माल वर्षाला किती टन लागतो?

माझं मत सांगतो. ग्रॅफाइटसाठी हा उद्योग भारतात वाढायला हवा. पोलादासाठी कोक बनतोच आहे, मग त्याच्या डांबरातून बॅटरीचा माल काढणं शहाणपणाचंच. पण विदर्भातल्या खाणीवर ज्यांची घरं चालतात, त्यांना "खाणी बंद होणार नाहीत, आता कोळशाचं ग्राफीन होणार" असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे. वरची आकडेमोड तेच सांगते. नव्या मालाला कारखाने लागतील, त्यात काही रोजगार येईल, पण खाणीतला कोळसा संपेल इतकी मागणी त्यातून येणार नाही. खाणकामगारांच्या पुढच्या कामाचं नियोजन वेगळंच करावं लागेल, आणि ते खाण बंद व्हायच्या आधी.