स्टिअरिंगमधला ‘प्ले’

गाडी दुरुस्तीला नेली की मेकॅनिक स्टिअरिंगचे चक्र डावी-उजवीकडे थोडेसे हलवून पाहतो आणि म्हणतो, ‘‘प्ले आलाय.’’ म्हणजे चक्र फिरते आहे, पण पुढची चाके अजून जागची हललेली नाहीत. हा प्ले कितीसा महत्त्वाचा, ते शाळेतल्या गणितानेही काढता येते. चक्राचा व्यास ३६ सें.मी. आहे आणि त्याची कड २४ मि.मी. रिकामीच फिरते असे समजू. हा कोन झाला साधारण साडेसात अंश. चक्र १६ अंश फिरले की चाके १ अंश वळतात असे धरले, तर चाकांच्या दिशेबद्दल जवळजवळ अर्ध्या अंशाची अनिश्चिती राहते. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल, तर अर्धा अंश वळलेली गाडी सुमारे २८६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जाते. ताशी ६० कि.मी. वेगाने ती एका सेकंदात १६.७ मीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून जवळजवळ अर्धा मीटर बाजूला सरकते. समोरून एस.टी. येत असेल तर अर्धा मीटर पुष्कळ झाला.

प्लेमुळे आपला हुकूम चाकांपर्यंत उशिरा पोचतो, एवढे सर्वांना कळते. आम्हाला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. चाकांकडूनही हाताला निरोप येत असतो आणि तोही या फटीत हरवतो. मोटारीच्या इतिहासात हा उलटा निरोप आधी मुद्दाम तोडला गेला आणि नंतर परत जोडावा लागला.

अगदी पहिल्या मोटारींना गोल चक्र नव्हते. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा धरून गाडी वळवीत. वाटेत दगड आला की त्याचा धक्का सरळ हाताला बसे. १८९४ च्या पॅरिस–रूआँ स्पर्धेत आल्फ्रेद वाशरों यांनी आपल्या पानार गाडीवर चक्र बसवले होते, पण दांडा लगेच गेला नाही. पानार कंपनीचेच एमिल लव्हासोर १८९६ च्या पॅरिस–मार्सेय–पॅरिस स्पर्धेत कुत्रे आडवे आल्यामुळे गाडीतून फेकले गेले आणि पुढच्या वर्षी वारले. वेग वाढत होते, रस्ते मात्र घोडागाडीचेच होते.

यावर उपाय निघाला तो वर्मचा. वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा. तो फिरला की त्यात अडकलेला दातेरी तुकडा सरकतो. आटे पुरेसे आडवे असतील तर वर्म दात्याला फिरवतो, पण दाता वर्मला फिरवू शकत नाही. स्क्रू-जॅकवर चढवलेली गाडी आपोआप खाली येत नाही, त्याचे कारण हेच. धक्के थांबले. अशी एकमार्गी यंत्रणा त्या काळी चांगली मानली जाई.

मग १९२० च्या दशकात कमी दाबाचे, फुगीर टायर आले आणि अनेक गाड्यांची पुढची चाके ठराविक वेगाला थडथडू लागली. याचा माग काढताना १९२५ मध्ये फ्रान्सचे जॉर्ज ब्रुलिए यांनी दाखवले, की वळणावर रबरी टायर त्याच्या तोंडाच्या दिशेने जातच नाही, थोडा तिरका सरकत चालतो. विद्यार्थ्यांना हे समजवायला टायरचा रस्त्याला टेकलेला, तळहाताएवढा भाग डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या पुढच्या टोकाशी रबर नुकतेच टेकलेले असते, म्हणून ताणलेले नसते. मागे जावे तसा बाजूचा ताण वाढतो. त्यामुळे बाजूचे एकूण बल मध्याच्या जरा मागे लागते आणि चाकाला सरळ करू पाहते. शिवाय चाक ज्या आसाभोवती वळते तो आस असा कललेला ठेवतात, की तो खाली वाढवला तर टायर टेकतो त्याच्या पुढे जमिनीला भिडतो. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीचे चाक नेहमी मागे वळून पडते, तोच हा प्रकार. वळण संपल्यावर चक्र हातातून आपोआप सरळ होते ते या दोन कारणांनी.

यातली खरी गंमत पुढे आहे. वळण अधिक तीव्र झाले की टेकलेल्या भागाचे मागचे टोक आधी घसरू लागते आणि बल मध्याकडे सरकते. म्हणजे बाजूचे बल अजून वाढतच असते, पण चाक सरळ करणारा पीळ कमी व्हायला लागतो. चक्र हाताला हलके लागते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरण्याआधी मिळणारी ही सूचना एकमार्गी वर्मने पुसून टाकली असती. म्हणून पुढच्या पेट्यांत आटे अधिक उभे केले, घर्षण कमी केले. १९४० पासून काही अमेरिकन गाड्यांत आट्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरू लागल्या. रॅक-पिनियनने सांधेच कमी केले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची प्रीमियर पद्मिनी वर्मवर चाले. आपण जिला जुनाट म्हणून हसलो त्या अँबॅसडरमध्ये मात्र रॅक-पिनियन होते. १९५१ मध्ये क्रायस्लरने विक्रीच्या गाडीत तेलाच्या दाबाचे पॉवर स्टिअरिंग आणले, तेव्हाही हाताला काहीच कळत नाही ही तक्रार पुन्हा झाली.

आमच्या प्रयोगशाळेच्या जुन्या गाडीला असाच प्ले आला होता. एका कारागिराने पेटीवरचा स्क्रू आवळून तो घालवला. वर्म मधोमध सर्वांत जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मधली फट जाईपर्यंत आवळले तर कडेचे, न झिजलेले आटे जाम होतात. आमची गाडी वळली की वळलेलीच राहू लागली. शेवटी एकाने चक्र हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर हात ठेवायचा, असे केले. डाव्या टायरॉडचा एंड खडखडत होता. तो बदलला, स्क्रू मूळ जागी सैल केला, अलाइनमेंट करून घेतली. आवारातल्या वळणावर ड्रायव्हरने हात सैल सोडला, तर चक्र त्याच्या बोटांखालून सरकत स्वतःच सरळ झाले.