शीळ घालणारीं बदकें आणि पाळणाराची कसोटी

बदकाचा आवाज म्हटला कीं तो कर्कश असावयाचा, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु तळ्याकांठीं संध्याकाळच्या वेळीं अडईचा थवा डोक्यावरून जातांना ज्यांनीं ऐकला असेल, त्यांस बदक शीळहि घालतें हें सांगावयास नको. या शीळ घालणाऱ्या बदकांच्या आठ जाती जगाच्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. मान लांब, पाय उंच, विसावा पुष्कळदां झाडावर, आणि कित्येक जातींचें घरटेंहि झाडाच्या ढोलींत. म्हणून स्वेन्सन नांवाच्या पक्षिशास्त्रज्ञानें १८३७ सालीं या गणास जें नांव दिलें, त्याचा अर्थ 'वृक्षहंस' असा होतो. असलीं शोभेचीं बदकें घरच्या तळ्यावर बाळगण्याची हौस यूरोपांत श्रीमंतांपासून मध्यम वर्गापर्यंत हळूहळू उतरली. हौसेचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें कोणी म्हणेल. परंतु या इतिहासांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. पक्षी नुसता ठेवणें आणि त्याचा वंश वाढविणें यांत किती अंतर आहे? हें अंतर एका जातीच्या जिवावर बेतलें आणि दुसरीस तारून गेलें, असें आम्ही पुढें दाखविणार आहों.

हें अंतर प्राचीनांस ठाऊक होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेल्ला नांवाच्या रोमन ग्रंथकारानें शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत बदकांच्या आवाराभोंवतीं उंच भिंत घालून वरून जाळें पसरावें, म्हणजे आंतले पक्षी उडून जात नाहींत व बाहेरचे शिकारी पक्षी झडप घालीत नाहींत, असें त्यानें सांगितलें आहे. पण त्याची खरी मार्मिक सूचना पुढेंच आहे. रानांतून धरून आणलेलीं मोठीं बदकें बंदिवासांत अंडीं घालावयास फार दिवस लावितात. यास्तव दलदलींतून त्यांचीं अंडीं गोळा करून घरच्या कोंबडीखालीं उबवावीं, म्हणजे पिलें रानटी स्वभाव टाकतात आणि पुढें तेथेंच वाढूं लागतात. धरणें सोपें, पण पुढची पिढी निपजविणें हें ज्ञानाचें काम, हें या एका सूचनेंत आलें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत या विद्येस नवी भरती आली. लंडनचें प्राणिसंग्रहालय १८२८ सालीं उघडलें. त्याच सुमारास लँकेशायरमधील नोस्ले येथें डर्बीचे तेरावे अर्ल यांनीं आपल्या उद्यानांत देशोदेशींचे पशुपक्षी जमविले. हवाई बेटांतील नेने नांवाच्या हंसकाची पिलें तेथें १८३४ सालींच निपजलीं. परंतु अर्लसाहेब १८५१ सालीं वारले आणि त्यांचा सर्व संग्रह त्याच वर्षीं लिलावांत निघाला. खाजगी हौसेचें हें मोठें वैगुण्य होय. जी विद्या एका मनुष्याच्या आयुष्याशीं बांधलेली असते, ती त्याच्याबरोबरच विखुरते.

शीळ घालणाऱ्या बदकांनीं पाळणाराची परीक्षा आणखी निराळ्या रीतीनें घेतली. घरच्या बदकांचा अनुभव येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. रंगीत पिसाऱ्यावरून नर ओळखावा, तर या कुळांत नर-मादी दिसावयास सारखींच. दोन नर किंवा दोन माद्या यांस जोडपें समजून वर्षानुवर्षें अंड्यांची वाट पाहणें सहज शक्य होतें. या जाती मूळच्या उष्ण देशांतल्या, त्यामुळें यूरोपच्या हिंवाळ्यांत बर्फानें त्यांच्या पायांस इजा होई. थंडींत त्यांस छपराखालीं घेणें भाग पडे. ढोलींत घरटें करणाऱ्यांसाठीं लांकडी पेटी उंचावर टांगावी लागे. जुळलेली जोडी पुष्कळ काळ टिकते, नरहि अंड्यांवर बसतो, आणि उबवणी सुमारें चार आठवडे चालते. तेव्हां उतावळेपणानें जोडी मोडणारास यश कोठून यावें? पाळणारास पक्ष्याचें बिऱ्हाड, हवा व स्वभाव हीं सर्व जाणावीं लागत. बदकें पळून जाऊं नयेत म्हणून लहानपणींच एका पंखाचें टोंक छाटण्याची चालहि होती. तिच्यामुळें तळें शोभलें, पण पक्षी आकाशास कायमचा मुकला, हेंहि विसरतां कामा नये.

आतां ज्या दोन पक्ष्यांविषयीं आम्ही वर सूचना केली, त्यांकडे वळूं. ते या शीळकरी कुळांतले नव्हेत, पण याच हौशी मंडळींच्या तळ्यांवर राहिलेले आहेत. पहिला आपल्याच देशाचा. गुलाबी डोक्याचें बदक बंगाल व बिहारच्या दलदलींत राहत असे. फ्रान्सांत झां देलाकूर यांच्या क्लेर येथील बागेंत आणि इंग्लंडांत आल्फ्रेड एझ्रा यांच्या फॉक्सवॉरन येथील उद्यानांत हे पक्षी जिवंत ठेवलेले होते. दोघेहि या विद्येंतले नामांकित जाणते. देलाकूर यांनीं तर पुढें जगांतील बदकांवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. पण गुलाबी डोक्याच्या बदकाचें एकहि पिलूं बंदिवासांत निपजलें नाहीं. १९३५ सालीं दरभंग्याकडे टिपलेला पक्षी हा त्याच्या रानांतील अस्तित्वाच्या अखेरच्या निश्चित पुराव्यांत गणला जातो. क्लेरचा संग्रह १९४० सालीं युद्धांत उद्ध्वस्त झाला. तळीं होतीं, पैसा होता, प्रेमहि होतें. वंश मात्र राहिला नाहीं.

दुसरा पक्षी वर आलेला नेने. विसाव्या शतकाच्या मध्यावर हवाईंत तो जेमतेम तीसेक उरला होता. पीटर स्कॉट यांनीं १९४६ सालीं इंग्लंडांत स्लिमब्रिज येथें पाणपक्ष्यांसाठीं संस्था स्थापिली होती. तेथें १९५० सालीं हवाईहून जोडी म्हणून दोन नेने आणले. दोघांनींहि अंडीं घातलीं! जोडीचे ते दोन पक्षी दोन माद्याच निघाल्या. मग नर मागविण्यांत आला, १९५२ सालीं पिलें झालीं, आणि १९६२ सालीं स्लिमब्रिजच्या वंशांतील पक्षी हवाईच्या माउई बेटावर परत सोडण्यांत आले. आज त्या बेटांत नेने कांहीं हजारांवर आहेत. पूर्वींचें काम अर्लसाहेबांबरोबर संपलें, हें टिकलें. कारण तें एका घराचें न राहतां संस्थेचें झालें, आणि त्याचें ध्येय तळ्याची शोभा हें नसून पक्ष्याचें घर हें होतें.

आपल्याकडे अडई आजहि विपुल आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला धरून पाळण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. जी जाती रानांत सुखानें नांदते, तिला तळ्यावर आणून उपकार केल्यासारखें वाटून घेण्याचें कारण नाहीं. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यावर विसाव्या शतकांत हिंवाळ्याच्या दिवसांत अडईचे थवे आपण होऊन उतरत. त्यांस ना जाळें होतें, ना कोणी पंख छाटलेले. गांवचें तळें गाळानें भरूं न देणें, कांठची झाडें व लव्हाळे राखणें, एवढें केलें तरी पुष्कळ आहे. गुलाबी डोक्याच्या बदकाच्या वेळीं पाळणारांनीं शर्थ केली. पण तोंवर त्याची दलदल दुसऱ्या कामाला लागली होती, व ती कोणीच राखली नव्हती. अडईच्या बाबतींत अद्यापि वेळ गेलेली नाहीं.