शब्दांध मुलाचा मेंदू
इ. स. १८९६ मध्यें इंग्लंडांतील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणितांत तरबेज, दृष्टि निर्दोष. पण वर्षानुवर्षें शिकूनहि त्यास वाचतां येईना. स्वतःचें नांव लिहितांनाहि तो चुके. अशा मुलास ‘ढ’ ठरवून मोकळें होण्याची पंतोजींची रीत आम्हांस ठाऊक आहे. मॉर्गन यांनीं मात्र यास जन्मजात शब्दांधत्व म्हटलें, व मेंदूच्या डाव्या भागाची वाढ खुंटली असावी, असा तर्क केला. मेंदू त्यांनीं पाहिलाच नव्हता! १९७९ सालीं गॅलाबर्डा व केंपर यांनीं डिस्लेक्सिया असलेल्या एका मृत तरुणाचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या अर्धगोलांत पेशींची मांडणी विस्कटलेली आढळली. परंतु वाचनाच्या सरावानेंहि मेंदू बदलतो. त्यामुळें जिवंत मेंदूंच्या चित्रांत पुढें दिसलेल्या फरकांपैकीं कारण कोणतें व परिणाम कोणता, हा वाद अद्याप चालूच आहे.