मायासॉरा : दहातली नऊ पिल्ले गमावूनही तगलेला वंश

१/ सन १९७८. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जीवाश्मांचे एक छोटे दुकान चालवणाऱ्या मॅरियन ब्रँडवोल्ड यांनी जॅक हॉर्नर आणि बॉब मकेला या संशोधकांना काही बारीक हाडे दाखवली. ती बदकासारख्या चोचीच्या डायनासोरच्या पिल्लांची निघाली.

२/ या गटाचे प्रौढ सांगाडे नवे नव्हते. १८५८ मध्येच न्यू जर्सीत एक सापडला होता. पिल्ले मात्र दुर्मीळ होती.

३/ हाडांच्या मूळ जागी मातीत वाडग्यासारखे घरटे आढळले. त्यातली पिल्ले सुमारे १ मीटर लांब होती; अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू याच्या निम्मेही नसे. म्हणजे ती घरट्यातच राहून वाढली होती. आईबाप अन्न आणून देत असावेत, असा निष्कर्ष निघाला.

४/ १९७९ मध्ये या प्राण्याचे नामकरण झाले : मायासॉरा, अर्थात 'चांगली आई असलेली सरड्यासारखी मादी'. शब्द ग्रीक आहे. मराठीतल्या 'माये'शी त्याचे साम्य हा केवळ योगायोग.

५/ पुढे शंकाही उपस्थित झाल्या. पिल्लांचे पाय खरोखर इतके दुबळे होते का, यावर १९९६ मध्ये आक्षेप घेतला गेला. घरट्यांची वसाहत मात्र निर्विवाद होती : ९ मीटर लांबीचे हे प्राणी जेमतेम ७ मीटर अंतरावर घरटी करत.

६/ साडेसात कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला ना शिंगे होती, ना चिलखत. मग तो तगला कसा?

७/ उत्तर नडगीच्या हाडांत होते. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांतही वार्षिक वर्तुळे असतात. २०१५ मध्ये हॉली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी अशी ५० हाडे तपासली. पहिल्या वर्षातला मृत्युदर सुमारे ९० टक्के निघाला. त्यातून वाचलेल्यांसाठी आठव्या वर्षापर्यंत तो वर्षाला सुमारे १३ टक्क्यांवर उतरे. नंतर पुन्हा ४४ टक्क्यांवर चढे.

८/ तिसऱ्या वर्षी हा प्राणी प्रजननक्षम होई. भरपूर अंडी, झपाट्याने वाढ आणि कळपाची सोबत हेच त्याचे चिलखत होते. आईची राखण बहुतेक पिल्लांना वाचवू शकली नाही; पण उरलेल्या दहाव्या हिश्श्यावर वंश चालला.

९/ ब्रँडवोल्ड यांच्या दुकानातली ती बारीक हाडे वाचलेल्यांची नव्हती. 'चांगल्या आई'चा इतिहास जगाला कळला, तो पहिले वर्षही न ओलांडलेल्या पिल्लांमुळे.